तीनची कंबर

घड्याळाच्या धंद्यात पडलेल्या माणसाच्या डोळ्याला भिंग असतं. लहान वस्तू मोठी करून बघायची, हा त्या धंद्याचा पायाच आहे. आकडेकाकांच्या खिशात मात्र कायम उलटं भिंग असायचं, म्हणजे मोठी वस्तू लहान करून दाखवणारं. त्यातून ते काहीही बघत बसत. समोरची इमारत काडेपेटीएवढी व्हायची, रस्त्यावरची बस पेन्सिलच्या तुकड्यासारखी सरकत जायची. काकू रागावल्या की काका हळूच ते भिंग डोळ्याला लावत. एवढीशी बायको एवढ्याशा ओठांनी बोलताना त्यांना फार गोड दिसायची. आवाज मात्र मूळ मापातच यायचा.

"ठेवा ते खाली! मी काय तबकडी आहे?"

"तबकडी इतकी बोलत नाही," काका म्हणत, आणि मग दिवसभर स्वतःचा चहा स्वतः करून पीत.

नाव खरं वेगळं होतं, पण ते फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. घड्याळांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं त्यांनी आकडे काढले, म्हणून ते आकडेकाका. इमारतीत नव्याने राहायला येणाऱ्यांना या नावाने भलताच संशय यायचा. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ तर एकदा जिन्यात गाठून, इकडेतिकडे बघत, "आज काय लागेल?" म्हणून विचारूनही गेले होते. काकांनी त्यांना घरात नेलं आणि आठचा वरचा गोल खालच्या गोलापेक्षा लहान का असावा लागतो, ते तासभर समजावून सांगितलं. गृहस्थ पुन्हा कधी जिन्यात थांबले नाहीत.

कारखान्यात काम कसं चालायचं, तर आकडा आधी कागदावर तळहाताएवढा काढायचा. मग कॅमेऱ्याने तो लहान लहान करत न्यायचा, आणि शेवटी तो तिळाएवढा होऊन तबकडीवर छापला जायचा. कागदावर राजबिंडा दिसणारा आकडा लहान झाल्यावर नुसता शाईचा ठिपका होऊन बसतो, ही या कामातली मोठी फसवणूक. आरेखन खात्याचे जुने हेड तरुण आकडेकाकांच्या पाठीशी उभे राहून म्हणायचे, "पोरा, कागदासाठी काढू नकोस. मनगटासाठी काढ." त्यांनीच ते उलटं भिंग दिलं होतं.

वयाच्या सव्विसाव्या वर्षी काकांनी एका घड्याळाची पूर्ण तबकडी काढली. कारखान्यात त्या घड्याळाला नुसता एक नंबर होता. गिऱ्हाइकांनी त्याचं नाव 'साधं' पाडलं. दुकानात जाऊन माणसं म्हणायची, "एक साधं द्या." पांढरी तबकडी, दोन काळे काटे, रोज सकाळी द्यायची चावी आणि बारा आकडे. नर्सच्या हातावर तेच, मास्तरांच्या हातावर तेच, आणि सासऱ्याने जावयाला दिलेलंही तेच. काका रस्त्याने चालले की चारी बाजूंनी त्यांचेच आकडे हात हलवत जात. त्या दिवसांत ते थोडे जमिनीच्या वरूनच चालायचे, असं काकू सांगत. "आणि खड्ड्यात मात्र बरोबर पडायचे."

त्या बारा आकड्यांत त्यांचा जीव तीनवर होता. उजवीकडे, चावीला खेटून, दोन पोटं पुढे काढून आणि कंबर आत घेऊन तो असा उभा राही, की जणू तबकडी जराशी हसते आहे.

मग आठ वर्षांनी वरून हुकूम आला, की लोकांना तारीख हवी आहे. तारखेची खिडकी ठेवा. कुठे? तीनच्या जागी.

खिडकी पाडायचा पोलादी साचा बनवायचं काम आलं साचेखात्यात, दादाकडे. दादा म्हणजे काकांचा सख्खा मोठा भाऊ. दादाच्या हातचा साचा म्हणजे काय, तर कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं तर बोटालाही कळू नये की इथे काही कापलं आहे. काका त्या दिवशी धावत साचेखात्यात गेले.

"दादा, तू एवढंच सांग, की त्या जागी साचा बसत नाही."

दादा मोजमाप बघत म्हणाला, "पण बसतो ना."

"बसत नाही म्हण की!"

"बारक्या, बसणारी वस्तू बसत नाही कशी म्हणू?"

आणि त्याने तो बसवला. आठ दिवसांचं काम तीन दिवसांत केलं, हे तर काकांना फारच झोंबलं. छापून तयार असलेल्या तबकड्या पहिल्यांदा त्या साच्याखाली गेल्या. प्रत्येक दाबाला एक चौकोनी तुकडा खाली पडायचा आणि तीनची पोटं जायची. वरखाली उरलेली टोकं खिडकीच्या चकचकीत चौकटीखाली झाकली गेली. काका दारात उभं राहून बघत होते. "माझ्या तबकडीचा डोळा काढलास तू," एवढं म्हणून ते निघून गेले.

त्याला आता सदतीस वर्षं झाली. भावाभावांचं बोलणं बंद पडलं असं नाही. ते बोलत. रक्तदाबावर बोलत, गुडघ्यांवर बोलत, नळाला पाणी किती वाजता येतं यावर बोलत. घड्याळाचा विषय निघाला की एकाला पाणी प्यायला जावं लागे आणि दुसऱ्याला खिडकी लावायला. खरा व्यवहार बायका चालवत. काकू आणि वहिनी रोज दुपारी फोनवर असत, आणि दोन्ही घरांत कोणी किती पोळ्या खाल्ल्या याची बित्तंबातमी दोन्हीकडे असे.

काकांवर त्या खिडकीचा एक विचित्र परिणाम झाला. पुढच्या साऱ्याच घड्याळांना खिडकी आली, त्यामुळे निवृत्त होईपर्यंतची चोवीस वर्षं त्यांनी अकराच आकडे काढले. एक, दोन, चार. हाताला सवय लागली, हातातून ती जिभेवर गेली. कप मोजताना ते "एक, दोन, चार" म्हणत आणि कायम एक चहा कमी पडे. नातीला अंक शिकवायचं काम मोठ्या हौसेने अंगावर घेतलं, तर पुढच्याच महिन्यात मुलगी तणतणत आली.

"बाबा, शाळेतून चिठ्ठी आलीय. हिला तीन येतच नाही म्हणतात!"

"येईल," काका शांतपणे म्हणाले. "सध्या तिथे तारीख आहे."

इकडे 'साधं' मात्र बदलत गेलं. खिडकीनंतर आकडे जाऊन नुसत्या रेघा आल्या. मग सोनेरी पाणी आलं. मग घड्याळ फुगून बशीएवढं झालं. मग चावी गेली, बॅटरी आली आणि शेवटी ते बंदच पडलं. बंद पडल्यावर त्याची खरी किंमत लोकांना कळली. शहरातल्या घड्याळवेड्यांचं एक मंडळ होतं. ते दर रविवारी सकाळी एका बुकबाइंडरच्या माडीवर, खळीच्या वासात जमायचं. तिथे सरळ दोन तट होते. तीनवाले भिंतीकडे बसत, खिडकीवाले खिडकीकडे. दाताचे डॉक्टर तीनवाल्यांचे पुढारी.

"छान बत्तिशी असावी आणि पुढचाच दात किडावा, तशी ती खिडकी दिसते," ते म्हणत.

बाइंडर खिडकीवाला. तो सुई दातात धरूनच उत्तर द्यायचा. "तारीख न सांगणारं घड्याळ म्हणजे पानांवर नंबर नसलेलं पुस्तक. दिसायला झकास. शोधा आता कुठे होतात ते!"

"तारखेला कॅलेंडर आहे भिंतीवर."

"मग वेळेलाही घड्याळ आहे भिंतीवर. मनगटाला कशाला त्रास?"

तीनवाले आकडेकाकांना मानायचे, खिडकीवाले दादाला. दोघा भावांनी या मंडळात कधी पाऊल टाकलं नाही, तरी दोघांचे फोटो तिथे समोरासमोरच्या भिंतींवर होते आणि एकमेकांकडे बघत होते. घरात इतका वेळ त्यांनी एकमेकांकडे बघितलं नसेल.

अशात एके दिवशी कंपनीच्या डिझाइनवाल्या बाई काकांकडे आल्या. वयाने काकांच्या मुलीहून लहान, खांद्याला मोठी पिशवी. 'साधं' पुन्हा निघणार होतं. पहिल्यासारखं, चावीचं. बाईंनी टेबलावर दोन नमुने ठेवले.

पहिला खिडकीचा. नवं घड्याळ जुन्यापेक्षा थोडं मोठं होतं, पण आतलं तारखेचं चाक जुन्याच मापाचं. त्यामुळे खिडकी कडेपासून आत सरकून पार नाकाजवळ आलेल्या डोळ्यासारखी दिसत होती. दुसरा नमुना तीनचा. काकांनी उलटं भिंग लावलं, बघितलं आणि खाली ठेवलं.

"अकरा माझे आहेत. हा तीन कुणाचा?"

बाई जरा ओशाळल्या. "काका, खिडकी आल्यानंतरचा तुमचा कागद कंपनीत नीट आहे, त्यावरून अकरा आकडे घेतले. पहिला कागद ओलीने गेला. तीन फक्त त्याच्यावर होता. मग एका जुन्या घड्याळावरच्या तीनचा फोटो काढून तो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि…"

"आणि त्याला सूज आली."

"हो," बाई म्हणाल्या. "मलाही दिसतंय ते. काय चुकलंय ते सापडत नाही. तुम्ही काढून द्याल? साहेबांनी शनिवारपर्यंत वेळ दिलाय. तीन जमला तर तीनवालं घड्याळ निघेल. नाही तर खिडकीवालं. दोन्ही काढणार नाहीत."

काकांनी होकाराची मान हलवली. बाई गेल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावरचं सगळं उचललं, मिठाची बरणीसुद्धा, आणि कागद पसरला.

रविवार गेला, सोमवार गेला. बाकीचे अकरा आकडे त्यांनी झोपेतही काढले असते. तीन येईना. एकदा तो बगळ्यासारखा झाला, एकदा कानासारखा. एकदा चांगला उतरला असं वाटून त्यांनी भिंग लावलं, तर कंबरेत शाईचा गोळा. कंबर बारीक केली तर आकडा दोन तुकड्यांत मोडल्यासारखा. दाताच्या डॉक्टरांनी स्वतःच्या संग्रहातली सहा जुनी घड्याळं आणून दिली. पण त्यांच्या तबकड्यांवर वार्निश पिवळं पडलं होतं, शाई चाळीसेक वर्षांत पसरून गेली होती. त्यांच्याकडे बघणं म्हणजे म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याचं बाळपणीचं नाक शोधण्यासारखं होतं.

काका दिवसा डोळे मिटून बसू लागले. मिटल्या डोळ्यांपुढे तीन यायचा, अगदी पहिला, चावीला खेटून हसणारा. हात पुढे केला की तो तिळाएवढा होऊन दूर जायचा. पांढऱ्याशुभ्र तबकडीच्या मैदानावर ते त्याच्यामागे चालत राहायचे, आणि डोक्यावरून मोठा काटा एखाद्या सावकाश ढगासारखा सरकून जायचा. मग काकू खांदा हलवायच्या.

"अहो, जेवून तरी घ्या."

"होता आत्ता इथे," काका म्हणायचे.

बुधवारी दुपारी काकू फोनवर वहिनींना म्हणाल्या, "दोन दिवसांत अर्धी पोळी गेलीय पोटात. आणि मी तीन भाज्या केल्या म्हटलं, तर रडायलाच आले."

गुरुवारी सकाळी दहा वाजता दार वाजलं. दारात दादा होता, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात काळी पिशवी.

"पाणी आलं का रे तुमच्याकडे आज?" दादा म्हणाला.

"आलं. साडेसहाला."

"आमच्याकडे पावणेसातला."

दोघं बसले. टेबलावर तीनच तीन पडलेले. दादाने त्यांच्याकडे बघितलं आणि या खेपेला तो खिडकी लावायला उठला नाही. पिशवीतून त्याने खोकल्याच्या गोळ्यांचा एक चपटा पत्र्याचा डबा काढला आणि काकांच्या पुढ्यात सरकवला.

"मला खोकला नाहीये."

"उघड तर, बारक्या."

डब्यात तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी पांढरं होतं. काकांनी चिमट्याने एक उचललं. पत्र्याचा चिमुकला चौकोन. त्यावर काळी, वळलेली एक रेघ. दुसरा उचलला, त्यावरही तीच. ते सगळे त्या पहिल्या दिवशी साच्याखाली पडलेले तुकडे होते. तीनची पोटं.

"झाडूवाला भंगारात टाकायला निघाला होता," दादा काठीकडे बघत म्हणाला. "म्हटलं, राहू दे. शेदीडशे असतील. तुझं काम होतं ते. भंगारात कसं जाऊ देणार?"

"सदतीस वर्षं ठेवलेस?"

"कपाटात जागा होती." मग म्हणाला, "तुला वाटतं मला फार मजा आली होती. मी तीन दिवसांत केलं, कारण चौथ्या दिवशी माझ्याच्याने झालं नसतं."

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग कपाटातून साधं, मोठं करणारं भिंग काढलं. ते त्यांनी किती तरी वर्षांत हातात धरलं नव्हतं. एकेक तुकडा ते त्याखाली घेऊ लागले. या तबकड्या वार्निशआधीच साच्याखाली गेल्या होत्या, त्यामुळे शाईचे काठ कालचे असल्यासारखे धारदार होते. दहा बघितले, वीस बघितले. दादा शेजारी बसून बघितलेले वेगळे करत होता, कोणी न सांगता, दर दहाची एक रांग.

एक्केचाळिसाव्या तुकड्यावर काकांचा हात थांबला.

"दादा, यात शाई कमी पडलीय."

"म्हणजे वाया गेलेला?"

"अरे नाही!" काका उभेच राहिले. "बघ, बघ इथे. कंबरेत फट आहे. वरचं पोट खालच्याला चिकटलेलंच नाही!"

आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वीची दुपार त्यांच्या अंगावर आली. हेडसाहेब मागे उभे आहेत, तंबाखूचा वास येतो आहे. 'पोरा, शाई पसरते. तिच्यासाठी जागा सोड.' म्हणून त्यांनी तीनची दोन्ही पोटं वेगवेगळी काढली होती, मध्ये बारीकशी वाट सोडून. लहान होताना आणि छापताना शाई ती वाट भरून काढायची आणि कंबर आपोआप जुळायची. तयार घड्याळात ती फट कधीच दिसणार नव्हती. फोटो कितीही मोठा केला तरी जुळलेलीच कंबर मोठी होणार. म्हणून ती सूज. जोडलेला तीन त्यांनी कागदावर कधी काढलाच नव्हता, आणि इतके दिवस ते तोच काढायला बसले होते.

त्यांनी नवा कागद घेतला. वरचं पोट, मग खालचं, मध्ये रिकामी वाट. अर्ध्या तासात झालं.

दादाने मान वाकडी करून बघितलं. "हा तुटलाय की रे."

"तुटलेला नाही. लहान झाला की जुळतो. हे घे, यातून बघ." काकांनी उलटं भिंग पुढे केलं.

दादाने ते मोतीबिंदूवाल्या डोळ्याला लावलं, मग दुसऱ्याला. "मला यातून फक्त धुकं दिसतंय."

"मग चल मागे."

कागद समोरच्या भिंतीवर टाचण्यांनी लावला. दोघे भाऊ एकमेकांचा दंड धरून, तोंड भिंतीकडे ठेवून, उलटे चालू लागले. एक पाऊल, दोन पावलं. टेबल ओलांडलं. स्वयंपाकघराच्या दारात काकू पीठभरल्या हातांनी येऊन उभ्या राहिल्या. खोली संपली, उंबरा आला.

"जपून," काका म्हणाले.

"तू जप. मी काठीवाला आहे."

दोघे उलटेच बाहेर सज्ज्यात आले. उघड्या दारातून, खोलीच्या पलीकडच्या भिंतीवर, तीन दिसत होता. आणखी दोन पावलं. दुपारच्या उजेडात ती मधली वाट हळूहळू बुजत गेली, आणि एका पावलाला दोन्ही पोटं एकमेकांना येऊन मिळाली. तीन हसला.

मग दादा म्हणाला, "तारीख मात्र कळणार नाही हं याच्यात."

"नाही कळणार."

"कुठल्या पावलाला जुळला, बघितलंस?"

"नवव्या."

"अकराव्या."

"दादा, नवव्या! मी मोजत होतो."

"तू मोजत होतास म्हणूनच विचारतोय!"

दादा त्या दिवशी जेवायला राहिला. शुक्रवारीही आला. शनिवारी डिझाइनवाल्या बाई आल्या तेव्हा भिंतीवर कागद होता आणि सज्ज्यात दोन खुर्च्या. बाई कागदाच्या अगदी जवळ गेल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"काका, हा मध्ये तुटलाय…"

"मागे या," दोघे भाऊ एकदमच म्हणाले.

"किती?"

"या तर."

बाई खांद्यावरची पिशवी सावरत मागे मागे येऊ लागल्या. टेबल, खुर्ची, उंबरा. सज्ज्यात आल्या आणि एका जागी थबकल्या. पिशवी खांद्यावरून घसरून कोपराशी आली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"कितवं पाऊल?" दादाने वाकून काकांना हळूच विचारलं.

"श्श," काका म्हणाले. "तिला बघू दे."

"अकरावं आहे. मी मोजलंय."

"तरुण माणसाची पावलं लांब असतात, दादा. तिचं मोजून काय उपयोग?"

"म्हणजे आता हे पण धरायचं नाही का?" दादाने खुर्ची जवळ ओढली. "बस इथे. ती परत भिंतीकडे जाईल, तेव्हा पहिल्यापासून मोजू. तीन धरून."